कँटनच्या ऑलिफंटने मिशनला नेमकं काय दिलं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकासाठी तुम्ही डेव्हिड ऑलिफंट या, चीनमधल्या कँटन (आजचं ग्वांगझौ) बंदरात व्यापार करणाऱ्या अमेरिकन व्यापाऱ्यावर लेख लिहिताय. चीनमध्ये गेलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांना त्याने आधार दिला आणि अफूला कधी हात लावला नाही, एवढं तुम्ही वाचलंय. पण घरातल्याच एका जाणत्या माणसाने विचारलं, "कँटनच्या व्यापाऱ्याकडे अफूशिवाय पैसा आला कुठून?" तिथे तुम्ही अडलात. शिवाय त्याने एकूण किती देणगी दिली हा आकडा हाती लागत नाही, म्हणून लेख पोकळ वाटतोय.

जुन्या व्यापारी पेढ्यांची दप्तरं आणि त्याच काळातल्या मिशनऱ्यांची पत्रं शेजारी-शेजारी ठेवून वाचायची, हे काम मी पंचवीसहून अधिक वर्षं करतोय. सुरुवातीला माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. एका दानशूर व्यापाऱ्यावर मी निव्वळ त्याच्या स्मृतिसभेतल्या भाषणांच्या आधारे प्रकरण लिहिलं. ते वाचून माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने समासात एकच ओळ लिहिली: "याचं जहाज परत येताना काय भरून आणत होतं?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते प्रकरण मी फाडून टाकलं. तेव्हापासून व्यापाऱ्याचं चरित्र वाचायला घेतलं की मी आधी जहाजाच्या पोटात काय होतं ते बघतो. त्याची देवळातली जागा नंतर.

आता मूळ मुद्दा. तुम्ही रुपये-आण्यांचा हिशोब शोधताय, पण १८३० च्या कँटनमध्ये मिशनला पैशाहून मोठी टंचाई होती ती उभं राहायला जागेची. हे एकदा लक्षात आलं की ऑलिफंटचं मोल आपोआप कळतं आणि देणगीच्या आकड्यावाचून काही अडत नाही.

कँटनची व्यवस्था थोडी समजून घ्या. १७५७ पासून पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये हे एकच बंदर मोकळं होतं. तिथेही शहराच्या तटाबाहेर, नदीकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत त्यांच्या वखारी. आपल्याकडे सुरतेला इंग्रज-डचांच्या वखारी होत्या, त्याच अर्थाने वखार म्हणतोय: खाली गोदाम आणि कचेरी, वर राहण्याच्या खोल्या. व्यापाराचा हंगाम संपला की तिथून उठायचं आणि जवळच्या मकाव या पोर्तुगीज वसाहतीत जाऊन राहायचं. बायकांना वखारीत आणायची बंदी. परक्या माणसाला चिनी भाषा शिकवणाऱ्या चिनी माणसाला शिक्षा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यापारी किंवा व्यापाऱ्याचा माणूस म्हणूनच तुम्ही तिथे राहू शकत होता. 'मी धर्मोपदेशक आहे' असं सांगून उतरणाऱ्याला त्या पट्टीत पथारी टाकायलाही जागा नव्हती.

रॉबर्ट मॉरिसन हा चीनमधला पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी. १८०७ साली तो लंडनहून थेट न येता न्यूयॉर्कमार्गे अमेरिकन जहाजाने कँटनला पोहोचला, कारण ईस्ट इंडिया कंपनी मिशनऱ्यांना आपल्या जहाजांत घेत नव्हती. १८०९ साली त्याच कंपनीने त्याला दुभाषा म्हणून नोकरीत घेतलं, तेव्हा कुठे त्याला तिथे राहायला भक्कम आधार मिळाला. दिवसा कंपनीची पत्रं, उरलेल्या वेळात बायबलचं भाषांतर, असं तो जगला आणि १८२३ मध्ये संपूर्ण चिनी बायबल छापून झालं.

आपल्या वाचकांना हे पटवायला एक जवळचं उदाहरण देता येईल. विल्यम केरी १७९३ साली बंगालात उतरला तो कंपनीच्या परवान्याशिवाय. त्याला तारलं जॉर्ज उडनी या व्यापाऱ्याने. माल्द्याच्या बाजूला मदनाबाटी इथे उडनीचा निळीचा कारखाना होता, त्याचा कारभार त्याने केरीकडे दिला. त्यामुळे केरीला पगार मिळाला आणि त्याहून मोलाचं म्हणजे, कंपनीच्या मुलखात राहायला कारण मिळालं. पुढे उडनीनेच त्याला लाकडी छापयंत्र घेऊन दिलं. ते यंत्र केरीबरोबर १८०० साली सेरामपूरला गेलं. याच केरीने नंतर फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली आणि १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे आपल्या भाषेच्या छापील इतिहासाच्या मुळाशीही असा एक व्यापारी आहे. ऑलिफंटला त्याच रांगेत बसवा.

आता माणूस. डेव्हिड वॉशिंग्टन सिनसिनाटस ऑलिफंट, जन्म १७८९, न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंड. नाव एवढं भारदस्त का, याला कारण आहे. बाप स्कॉटलंडहून आलेला डॉक्टर. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्याने सैन्याच्या इस्पितळांचं काम पाहिलं होतं आणि त्या युद्धातल्या अधिकाऱ्यांच्या सिनसिनाटी नावाच्या संघटनेचा तो सभासद होता. मुलाच्या नावात त्याने सगळा अभिमान ओतला. मुलगा मात्र कारकुनीपासून चढत गेलेला. न्यूयॉर्कला चीनच्या व्यापारातल्या नातलगाच्या पेढीत शिकला, मग बाल्टिमोरला भागीदारीत धंदा केला, त्यात बुडाला, आणि पुन्हा न्यूयॉर्कला येऊन दुसऱ्याच्या हाताखाली उभा राहिला. १८२० मध्ये थॉमस स्मिथ या चहाच्या बड्या व्यापाऱ्याचा माणूस म्हणून तो पहिल्यांदा कँटनला गेला. पुढे स्मिथची पेढी सरकारी जकातीची मोठी थकबाकी ठेवून कोसळली आणि १८२८ च्या सुमारास ऑलिफंटने चार्ल्स टॅलबट या भागीदाराबरोबर स्वतःची पेढी काढली.

हे बुडणं आणि दुसऱ्याचं बुडणं पाहणं, लेखात जरूर घ्या. धंद्यात एकदा पोळलेला माणूस फार हिशोबी होतो, असा माझा अनुभव आहे. ऑलिफंट मिशनवर खर्च करतो तेव्हा तो उधळ्या भाविक नव्हता, जहाजातल्या रिकाम्या बिछान्याचीही किंमत जाणणारा व्यापारी होता, हे वाचकाला दिसलं पाहिजे.

कँटनला त्याची मॉरिसनशी गाठ पडली. वीस वर्षं जवळजवळ एकट्याने काम ओढणारा मॉरिसन अमेरिकेकडून माणसं मागत होता. ती मागणी अमेरिकन बोर्ड या परदेशांत मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेपर्यंत पोहोचली आणि ऑलिफंटने बोर्डासमोर प्रस्ताव ठेवला: मिशनरी निवडा, चीनपर्यंतचा प्रवास माझ्या जहाजातून फुकट आणि एक वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च माझा. ऑक्टोबर १८२९ मध्ये 'रोमन' नावाचं जहाज न्यूयॉर्कहून सुटलं. त्यात एलायजा ब्रिजमन आणि डेव्हिड एबील हे दोघे होते, आणि ऑलिफंट स्वतःही. फेब्रुवारी १८३० मध्ये ते कँटनच्या किनाऱ्याला लागले. ब्रिजमन उतरला तो ऑलिफंटच्या वखारीतच.

अमेरिकन बोर्ड हे नाव तुमच्या वाचकांना नवं नाही. १८१३ साली मुंबईला पोहोचलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना पाठवणारं ते हेच, आणि अमेरिकन मराठी मिशन त्याच झाडाची फांदी. हॉल-नॉट मुंबईत उतरले तेव्हा त्यांनाही परत जाण्याचा हुकूम मिळाला होता आणि कित्येक महिने ते जाण्या-राहण्याच्या मध्ये लटकत होते. बोर्डाच्या कारभाऱ्यांनी हे भोगलेलं होतं. त्यामुळे ऑलिफंटच्या प्रस्तावात 'माझी वखार आहे' या तीन शब्दांचं वजन त्यांना कळलं असणार, असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, तुम्ही वापरलात तर तर्क म्हणूनच वापरा.

पुढच्या वीस वर्षांत या पेढीने जे दिलं त्याची साक्ष सॅम्युएल वेल्स विल्यम्स याची आहे. हा १८३३ साली मिशनचा मुद्रक म्हणून ऑलिफंटच्याच जहाजातून आला, आणि पुढे चिनी भाषेचा मोठा विद्वान झाला. त्याने नोंदवलंय की पेढीच्या जहाजांनी मिशनरी आणि त्यांच्या कुटुंबीयांना ५१ वेळा फुकट प्रवास घडवला आणि कँटनमध्ये मिशनला सुमारे १३ वर्षं बिनभाड्याचं घर दिलं. १८३२ च्या मे महिन्यात ब्रिजमनने 'चायनीज रिपॉझिटरी' हे इंग्रजी मासिक सुरू केलं, तेव्हा ऑलिफंटने सांगून ठेवलं की तोटा आला तर बोर्डाच्या तिजोरीला झळ लागू देऊ नका, तो मी भरीन. छापखान्यासाठी जागाही त्याचीच. छापयंत्र पाठवलं ते तो न्यूयॉर्कला ज्या मंडळीचा सभासद होता तिने, आणि त्या मंडळीचे दिवंगत पाळक मॅथायस ब्रुएन यांच्या स्मरणार्थ यंत्राला त्यांचं नाव दिलं. हे मासिक १८५१ पर्यंत वीस वर्षं चाललं. त्या काळच्या चीनबद्दल लिहिणारा कुठलाही अभ्यासक आजही ते चाळल्याशिवाय पुढे जात नाही.

इथे क्षणभर थांबा आणि या यादीकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. जहाज तसंही कँटनला जाणारच होतं. वखारीत खोल्या होत्याच. पत्रांची ने-आण पेढीच्या टपालातून होणारच होती. न्यूयॉर्कमध्ये भरलेली रक्कम कँटनमध्ये मिळायची सोय पेढीच्या खात्यावर होतीच. ऑलिफंटने आपल्या धंद्याची सगळी चौकट मिशनला वापरायला दिली. बोर्डाने हेच सगळं बाजारभावाने विकत घ्यायचं म्हटलं असतं तर काही गोष्टी परवडल्या नसत्या, आणि कँटनमधला आसरा तर कुठल्याच भावाने मिळाला नसता. तुम्हाला देणगीचा एकूण आकडा सापडत नाही तो यामुळेच. या मदतीचा मोठा भाग देणगी म्हणून कुठे वेगळा काढलेलाच नाही, तो रोजच्या व्यवहारात विरघळलेला आहे. असे हिशोब वाचताना मी 'धर्मादाय' खातं शोधत बसत नाही. प्रवाशांच्या नोंदी, घरभाडं आणि टपाल एवढं पाहतो.

आता अफू. तुमच्या घरच्या जाणत्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याला टाळू नका.

पहिली गोष्ट निर्विवाद आहे: ऑलिफंटच्या पेढीने अफू विकली नाही, आणि हे तिच्या स्पर्धकांनाही मान्य होतं. तिच्या वखारीला बाकीचे परदेशी व्यापारी 'झायनचा कोपरा' (झायन म्हणजे बायबलमधला पवित्र डोंगर) म्हणून हिणवायचे. त्या काळी हे किती अवघड होतं ते सांगितल्याशिवाय या नकाराला अर्थ येत नाही. ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू बंगालची आणि माळव्याची. माळव्याची अफू मोठ्या प्रमाणावर आपल्या मुंबई बंदरातून चढायची, आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्या मुंबईच्या व्यापाऱ्यांची कँटनच्या विल्यम जार्डीन या ब्रिटिश व्यापाऱ्याशी याच मालावर दीर्घकाळची देवघेव होती. अमेरिकन पेढ्या तुर्कस्तानची अफू आणत आणि भारतीय अफू दलालीवर विकत. रसेल अँड कंपनी ही सर्वांत मोठी अमेरिकन पेढीसुद्धा त्यात होती. अशा बाजारात चहा, रेशीम आणि कापडावर धंदा टिकवायचा म्हणजे दर हंगामाला सोप्या नफ्याकडे पाठ फिरवायची.

दुसरी गोष्ट मात्र स्तुतिपर चरित्रांत गाळली जाते. चहा विकत घ्यायला चांदी लागायची. आधी अमेरिकन जहाजं चांदीचे डॉलर पेटाऱ्यात भरून न्यायची. १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याऐवजी लंडनवरच्या हुंड्या, म्हणजे दाखवल्यावर लंडनमध्ये पैसे मिळतील अशा चिठ्ठ्या, चालू लागल्या. अमेरिकन व्यापारी लंडनवरची हुंडी घेऊन कँटनला यायचा. ती विकत कोण घेणार? ज्याच्याकडे चांदी साठली आहे आणि ती इंग्लंडला किंवा हिंदुस्थानात पोचवायची आहे, तो. अशी चांदी मुख्यतः अफू विकणाऱ्यांकडेच साठत होती. म्हणजे हुंडी विकून चहा घेणारा व्यापारी, त्याने आयुष्यात अफूची पेटी पाहिली नसली तरी, अफूतून आलेल्या चांदीनेच चहा घेत होता. कँटनच्या बाजारात याला अपवाद राहणं जवळजवळ अशक्य होतं.

मग ऑलिफंटचा पैसा स्वच्छ होता की नव्हता? याचं उत्तर तुम्ही रेघ कुठे ओढता त्यावर अवलंबून आहे. माणसाच्या स्वतःच्या मालापुरती रेघ ओढली तर तो स्वच्छ आहे, आणि त्या स्वच्छतेची किंमत त्याने मोजली आहे. सगळ्या बाजारापर्यंत नेली तर कँटनमध्ये कोणीच सुटत नाही, आणि त्या मापाने अशा व्यापाऱ्यांच्या पैशावर उभी राहिलेली मुंबईतली कित्येक इस्पितळं आणि शाळाही सुटत नाहीत. माझी स्वतःची रीत अशी की दोन्ही रेघा वाचकाला दाखवायच्या आणि पहिलीवर माणसाला जोखायचं. कारण पहिली रेघ त्याच्या हातात होती. त्याच गल्लीत बसून, त्याच चिनी व्यापाऱ्यांशी सौदे करून, त्याने एका मालाला नाही म्हटलं. इतर मोठ्या पेढ्यांनी म्हटलं नाही.

या नकाराची किंमत कळायला त्याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. कार्ल गुट्झलाफ हा जर्मन मिशनरी, चिनी बोलण्यात विलक्षण तयार. १८३२ मध्ये जार्डीनने त्याला अफूच्या 'सिल्फ' जहाजावर दुभाषा म्हणून बोलावलं, आणि त्याच्या चिनी मासिकाला पैसे देण्याची तयारी दाखवली. गुट्झलाफ गेला. किनाऱ्यावर एकाच जहाजातून अफूच्या पेट्याही उतरल्या आणि धर्माची पुस्तकंही. आता १८३५ पाहा. मेडहर्स्ट आणि एडविन स्टीव्हन्स या मिशनऱ्यांना शांटुंगपर्यंतचा किनारा पाहायचा होता, पण अफूच्या जहाजावर पाय ठेवायचा नव्हता. त्यांना 'ह्युरॉन' हे जहाज मिळालं ते ऑलिफंटच्या पेढीकडून. पुढच्या वर्षी अशाच प्रवासांसाठी त्याने 'हिमालेह' नावाचं जहाज घेतलं. मला हे सगळ्यात मोठं दान वाटतं. त्याने मिशनऱ्यांना नाही म्हणण्याची सोय करून दिली. दुसरं जहाज असल्याशिवाय पहिलं जहाज नाकारता येत नाही.

एक भर घालतो, म्हणजे लेख एकट्या ऑलिफंटचा आरती-संग्रह होणार नाही. १८३५ च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. पीटर पार्करने कँटनला डोळ्यांचं इस्पितळ उघडलं. पार्करही ऑलिफंटच्या जहाजातून आलेला. पण इस्पितळाची इमारत हौक्वाची, म्हणजे चिनी व्यापाऱ्यांच्या संघाच्या प्रमुखाची. तो ख्रिस्ती नव्हता आणि झालाही नाही. आधी त्याने भाडं घेतलं, पुढे सोडून दिलं. आणि १८३८ मध्ये वैद्यकीय मिशनसाठी संस्था निघाली तेव्हा तिच्या उपाध्यक्षांत खुद्द जार्डीन होता. म्हणजे सुरुवातीच्या मिशनला आधार देणारे व्यापारी एका साच्याचे नव्हते. कोणी श्रद्धेपोटी दिलं, कोणी शेजारधर्म म्हणून, कोणी प्रतिष्ठेसाठी. 'धर्मप्रेमी व्यापारी' असा एकच शिक्का सगळ्यांवर मारू नका.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, पैशापेक्षा जागा हे ऑलिफंटचं खरं देणं, अफूला नकार खरा आहे पण बाजार तोच आहे, आणि त्या नकारामुळेच मिशनऱ्यांना वेगळी वाट मिळाली. उरलेल्या तीन प्रसंगांपैकी कुठलाही एक तुम्ही लेखाच्या मध्यभागी ठेवू शकाल.

पहिला १८३७ चा, 'मॉरिसन' जहाजाचा. हे जहाज पेढीचंच, रॉबर्ट मॉरिसनचं नाव दिलेलं. समुद्रात भरकटून परक्या किनाऱ्यांवर लागलेले सात जपानी खलाशी मकावला अडकले होते. पेढीचा भागीदार चार्ल्स किंग याने त्यांना घरी पोचवायचं ठरवलं. बरोबर त्याची बायको, विल्यम्स, पार्कर. वाटेत गुट्झलाफही चढला. शांततेची खूण म्हणून तोफा आधीच उतरवून ठेवल्या होत्या. जपानने तेव्हा परदेशी जहाजांना दारं बंद केलेली. एडोच्या (आजच्या टोकियोच्या) उपसागराच्या तोंडाशी उरागाला पोहोचल्यावर किनाऱ्यावरून गोळे आले. मग कागोशिमाला गेले, तिथेही तेच. सातही जण परत मकावला आले. त्यांच्यातल्या ओतोकिचीने गुट्झलाफला जपानी शुभवर्तमानाच्या भाषांतरात आधीच मदत केली होती. किंगचा हेतू नुसता परोपकाराचा होता का? नाही. व्यापाराचा दरवाजा उघडावा हीही इच्छा होती, नमुन्याचा माल सोबत होता. हे स्पष्ट लिहा. व्यापाऱ्याच्या धर्मकार्यात धंदा मिसळलेला असतोच. प्रसंगाचं मोल त्याने कमी होत नाही, प्रसंग खरा वाटतो.

दुसरा १८३९ चा. अफूचा व्यापार बंद पाडायला चिनी बादशहाने पाठवलेला आयुक्त लिन झेशू कँटनला आला, त्याने परदेशी व्यापाऱ्यांना वखारींत कोंडलं आणि अफू सोपवायला लावली. वीस हजारांवर पेट्या निघाल्या. ऑलिफंटच्या पेढीने अफूला कधी हात लावला नाही हे किंगने कळवलं होतं, तरी वेढा सगळ्यांना सारखाच पडला. जूनमध्ये कँटनजवळच्या हूमेनला खंदकांत चुना आणि मीठ टाकून ती अफू नष्ट करत होते, तेव्हा ते पाहायला जाण्याची मुभा मिळालेल्या थोड्या परदेशी लोकांत किंग, त्याची बायको आणि ब्रिजमन होते. आयुक्त त्यांच्याशी बोललाही. इतर पेढ्यांची माणसं तिथे त्या नात्याने उभी राहू शकली नसती. दहा वर्षांच्या नकाराला मिळालेली पावती म्हणून मी हा प्रसंग नेहमी सांगतो.

तिसरा प्रसंग शांत आहे आणि माझ्या विशेष आवडीचा. जानेवारी १८४७ मध्ये व्हाम्पोआहून, म्हणजे कँटनजवळच्या जहाजांच्या तळावरून, 'हंट्रेस' हे जहाज चहा भरून न्यूयॉर्कला निघालं. ते ऑलिफंट बंधूंच्या पेढीचं. मिशनच्या शाळेत शिकलेले तीन चिनी मुलगे त्यात फुकट प्रवासी होते. त्यांच्यातला युंग विंग १८५४ मध्ये येल विद्यापीठाचा पदवीधर झाला, अमेरिकन विद्यापीठाची पदवी घेणारा पहिला चिनी. पुढे त्याने चिनी सरकारकडून १२० मुलांना अमेरिकेत शिकायला पाठवण्याची योजना घडवून आणली. जाणाऱ्या जहाजात मिशनरी आणि परतणाऱ्या जहाजात विद्यार्थी. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या त्या ओळीचं उत्तर इथे चक्क लिहिलेलं सापडतं.

एक सावधगिरी. ऑलिफंट १८५१ च्या जूनमध्ये कैरोला वारला, चीनची शेवटची वारी करून घरी परतताना. पेढी त्यानंतरही सत्तावीस वर्षं चालली, १८७८ ला बुडाली. अखेरच्या काळात तिने चिनी मजूर पेरूला नेण्याचा करार केला होता, आणि मजुरांच्या त्या वाहतुकीचा इतिहास फार क्रूर आहे. पेढीचं नाव तेच राहिल्यामुळे काही लेखक हा डाग संस्थापकाला लावतात, तर काही स्तुतिकार तो पुसूनच टाकतात. तुम्ही दोन्ही करू नका. तारखा द्या. मेलेल्या माणसाने तो करार केला नाही, आणि त्याच्या नावाच्या पाटीखाली तो झाला, ही दोन्ही विधानं खरी आहेत.

लिहायला बसाल तेव्हा जन्मापासून सुरुवात करू नका. 'रोमन' जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून सुटतंय, दोन तरुण मिशनरी आणि चाळिशीतला व्यापारी एकाच जहाजावर आहेत, तिथून सुरू करा. मग वखारीच्या खोलीत या, तिथे वाचकाला कँटनचे नियम सांगा, म्हणजे ते नियम माहितीसारखे कोरडे वाटणार नाहीत. अंकात दोनच पानं मिळाली असतील तर जपानचा प्रसंग गाळा. सुंदर असला तरी तो किंगचा आहे. अफूचा परिच्छेद मात्र दोन पानांतही ठेवा, आणि हुंडीचं गणित घरच्या त्या जाणत्यांना आधी वाचून दाखवा. त्यांना समजलं तर सगळ्यांना समजेल.

राहिला शीर्षकाचा प्रश्न. तुम्ही 'दानशूर ऑलिफंट' सुचवलंय. दानशूर माणूस थैली देतो आणि घरी जातो. हा ब्रिजमनबरोबर त्याच जहाजात चार महिने होता आणि उतरल्यावर त्याला आपल्याच छपराखाली घेऊन गेला. 'वखारीतली एक खोली' असं काहीतरी शोधा.